आज गळणारा केस तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला असतो

पत्र

ताई, माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालं. गरोदर असताना केस इतके दाट झाले होते की सगळ्या विचारायच्या, काय लावतेस? आता गेले पाच आठवडे नुसते गळताहेत. न्हाताना हातात पुंजके येतात, मोरीच्या जाळीत गोळा अडकतो. उशीवर, दुपट्यावर, बाळाच्या मुठीत, जिकडे तिकडे केस. कपाळाच्या दोन्ही कडांना टाळू दिसायला लागलीय. मी भीतीने चार-चार दिवस न्हायचंच टाळते, कंगवाही लावत नाही. घरात कुणी म्हणतं, अंगावर पाजतेस म्हणून होतंय, वरचं दूध सुरू कर. कुणी म्हणतं, बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातातच. एका मैत्रिणीने सुचवल्यावरून बायोटिनच्या गोळ्या आणल्यात, अजून सुरू केल्या नाहीत. वजन उतरावं म्हणून महिनाभर रात्रीचं जेवणही सोडलंय. नवरा म्हणतो, 'केसच आहेत, येतील परत.' त्याचाही राग येतो. बाळाबरोबर फोटो काढायचा झाला की मी पटकन फोन स्वतःच्या हातात घेते, म्हणजे मला फोटोत यावं लागत नाही. मला टक्कल पडणार का? अंगावर पाजणं थांबवू का? सगळे केस एकदा काढून टाकले तर दाट येतील का? आणि तिच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत माझे केस पूर्वीसारखे होतील का?

– एक आई

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. तू लिहिलंयस त्यावरून तरी तुला टक्कल पडणार नाही. गरोदरपणात दाट झालेले केस, बाळ सव्वातीन महिन्यांचं असताना एकाएकी सुरू झालेली गळती, सगळ्या डोक्यावरचे केस विरळ होणं आणि ते कपाळाच्या कडांना जास्त दिसणं, हे बाळंतपणानंतरच्या केसगळतीचं अगदी ओळखीचं चित्र आहे. वैद्यकात याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी 1961 मध्ये या प्रकाराचं नीट वर्णन केलं. यात केसाचं मूळ मरत नाही. केस पडतो, मूळ जागच्या जागी राहतं आणि त्याच मुळातून नवा केस येतो.

केसांबद्दल सविस्तर बोलायचंच आहे, पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. बाळाच्या मुठीत केस असतात, असं तू ओघात लिहून गेलीस. आज संध्याकाळी बाळाला पुसून घेताना तिच्या हातापायांची बोटं एकेक करून सोडवून बघ. आईचा गळलेला एखादा लांब केस मोज्यात, हातमोज्यात किंवा पायमोजे जोडलेल्या कपड्यांत शिरतो, बाळाच्या बोटाभोवती वेढा घालतो आणि बाळ पाय हलवत राहिलं की आवळत जातो. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो, त्यामुळे फास आणखी घट्ट बसतो. रक्त अडतं, बोट सुजतं, लाल किंवा जांभळं पडतं, आणि सुजेच्या घडीत केस इतका रुततो की डोळ्यांना दिसतही नाही. पायाच्या बोटांना हे सगळ्यात जास्त होतं. तान्ह्या बाळांत हे होण्याचे महिने आणि आईचे केस गळण्याचे महिने नेमके एकच.

म्हणून बाळाचे मोजे उलटे करून झटकायचे, मगच घालायचे. बाळ कशानेही राहत नसेल, भूक नाही, ताप नाही, तरी किंचाळून रडत असेल, तर तिचे सगळे कपडे उतरवून बोटं बघायची आणि डायपर काढून आतल्या घड्याही बघायच्या. बोटावर दोरी बांधल्यासारखी खाच आणि तिच्या पुढे सूज दिसली, तर घरी चिमटे घेऊन खटपट करत बसू नकोस, तडक डॉक्टरांकडे जा. इथे तासांचा हिशेब असतो. हे रोज घडणारं नाही, पण दवाखान्यात अशी बाळं मी पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा केस आईचाच निघतो. आधीच बिचारी केसांनी गांजलेली, त्यात हे अपराधीपण. ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळ्यात आधी सांगितलं.

आता तुझे केस.

डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ बंद होते, मग तो सुमारे तीन महिने नुसता मुळात बसून राहतो आणि शेवटी गळतो. एरवी दर 100 केसांतले 85 ते 90 वाढत असतात, 10 ते 15 विश्रांतीत असतात, आणि रोज 50 ते 100 केस आपल्या नकळत पडून जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं. त्याच्यामुळे ज्यांची वाढ थांबायची वेळ झालेली असते ते केसही वाढतच राहतात. तुझ्या मैत्रिणी 'काय लावतेस' म्हणून विचारायच्या, तेव्हा तुझ्या डोक्यावर नवे केस आले नव्हते, जायचे ते गेले नव्हते इतकंच. बाळ झालं, वार पडली, आणि थोड्याच दिवसांत इस्ट्रोजेन झपाट्याने खाली आलं. मग थांबवून धरलेले ते सगळे केस एकदम विश्रांतीत गेले. तिथून तीन महिने मोज. तुझे पाच आठवडे बरोबर तिथेच सुरू होतात.

म्हणजे आज तुझ्या हातात येणारा केस आज मेलेला नाही. तुझी मुलगी जन्मली त्या दिवसांत त्याची वाढ थांबली आणि तेव्हापासून तो फक्त जायची वाट बघत होता. हा तीन महिन्यांचा फरक एकदा मनात पक्का बसव, कारण केसांवरच्या निम्म्या गैरसमजांची मुळं तिथेच आहेत. गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला दोष देण्यात अर्थ नाही. आणि पाचव्या महिन्यात कुणी एखादं तेल सुरू केलं, आठव्या महिन्यात गळती थांबली, की ते तेल जन्मभर सगळ्यांना सुचवलं जातं. ती थांबणारच होती. बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातात, असं म्हणणाऱ्यांनी वेळ अचूक टिपली आहे. तीन-चार महिन्यांचं बाळ आईकडे बघून हसतं आणि त्याच सुमाराला केसही सुटतात. दोन गोष्टी बरोबरीने घडतात, पण एकीमुळे दुसरी होत नाही. बिचाऱ्या बाळाच्या ओळखीवर हे खापर नको. किंबहुना त्याच दिवसांत बाळाचे स्वतःचे जावळही झडत असतात.

उद्या न्हाल्यावर एक केस उचल आणि पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात त्याचं मुळाकडचं टोक बघ. तिथे टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढरट अशी गाठ दिसेल. पुष्कळ जणी ती बघून घाबरतात, 'मुळासकट आला' म्हणतात. ते मूळ नव्हे. आपलं आयुष्य पुरं करून सुटलेल्या केसाचं ते टोक असतं, आणि खरं मूळ टाळूच्या आत शाबूत असतं. अशी गाठ नसलेले, मधूनच तुटलेले तुकडे जास्त असतील, तर ते गळणं नव्हे, तुटणं आहे, आणि त्याला ओढाताण किंवा रसायनं जबाबदार असतात. मग आरशाशी जा, कपाळाच्या कडांवरचे केस मागे सार आणि खिडकीकडे तिरकं तोंड कर. तिथे अर्धा-एक सेंटीमीटरचे, टोकाला निमुळते, उभे राहिलेले बारीक केस दिसतात का बघ. आज दिसले नाहीत तर महिन्याभराने पुन्हा बघ. माझ्या धाकट्याच्या वेळी मी डॉक्टर असूनही रोज सकाळी उशीवरचे केस मोजत होते. सगळं ठाऊक होतं, तरी मोजत होते. एके दिवशी कपाळावर ते आखूड केस बोटांना खरखरीत लागले, आणि त्या दिवशी मोजणं सुटलं.

अंगावर पाजणं थांबवू नकोस. हार्मोन्स खाली येण्याची ही घटना बाळ जन्मलं की घडते, मग आई पाजो वा न पाजो. ज्यांनी एक दिवसही अंगावर पाजलं नाही त्यांचेही केस असेच गळतात. तू आज पाजणं बंद केलंस तर गळायला निघालेला एकही केस परत फिरणार नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचं दूध द्या म्हणते, त्यातले दीड महिने तू हकनाक सोडून देशील. वरचं दूध द्यायची दुसरी काही गरज असली तर ती वेगळी गोष्ट, तो निर्णय तू आणि बाळाच्या डॉक्टरांनी घ्यायचा. केसांसाठी मात्र तो घेऊ नये.

तुझ्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती सोडलेल्या जेवणाची. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीराला रोज साधारण 400 ते 500 कॅलरी जास्त लागतात, आणि तू आहे त्यातलंच एक जेवण काढून टाकलंस. शरीर अशा वेळी हृदय, मेंदू आणि दूध यांना आधी पुरवतं. केस रांगेत सगळ्यात शेवटी. वजन भराभर उतरवणं हे स्वतःच केस गळायचं एक कारण आहे, आणि तेही दोन-तीन महिन्यांनी उगवतं. आजच्या उपासाचा हिशेब बाळ सात-आठ महिन्यांचं होईल तेव्हा येईल. म्हणजे ही गळती ओसरत असतानाच दुसरी सुरू, आणि मग तू मला लिहिशील की ताई, थांबतच नाही. आजपासून रात्री जेव. केस प्रथिनांचा बनलेला असतो, म्हणून प्रत्येक जेवणात प्रथिनांचं काहीतरी असू दे, डाळ-कडधान्यं असोत वा अंडी-मासे, तुझ्या घरात जे चालत असेल ते. वजन सावकाश उतरू दे, त्याला वर्ष लागलं तरी लागू दे.

दुसरी गोष्ट लोहाची. गरोदरपणात बाळ आईच्या साठ्यातलं लोह घेतं, बाळंतपणात रक्त जातं, सिझेरियनमध्ये बरेचदा जास्त जातं. आणि घरी आल्यावर पुष्कळ जणी लोहाच्या गोळ्या आपोआप सोडून देतात, बाळ झालं ना आता म्हणून. तुझ्या डॉक्टरांनी त्या किती दिवस घ्यायला सांगितल्या होत्या, जुनी चिठ्ठी काढून बघ. रक्त तपासशील तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करून घे. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे साठवणीतले. हातात पैसे आहेत म्हणून साठवण आहेच असं नसतं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. फेरिटिन 15 च्या खाली असेल तर साठा संपल्यात जमा आहे, आणि त्याहून थोडं वर असलं तरी केस गळत असताना त्वचेचे डॉक्टर ते वाढवायला सांगतात. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, शोषली जात नाही. मध्ये दोन तास जाऊ दे. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नकोस.

तिसरी तपासणी थायरॉइडची, आणि तिच्याबद्दल जरा आग्रहाने सांगते. बाळंतपणानंतरच्या वर्षात शंभरातल्या पाच ते दहा बायकांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. दुखत नाही, गाठ दिसत नाही. आधी काही आठवडे ग्रंथी जास्त काम करते, छाती धडधडते, घाम येतो, जीव अस्वस्थ होतो. नंतर ती मंदावते आणि मग थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, उदासी, आणि केस गळणं. यातलं एकेक लक्षण सांग कुणालाही, उत्तर एकच येतं, 'बाळ लहान आहे, थकणारच.' त्यामुळे हे निसटतं. टीएसएच नावाची रक्ताची एक साधी तपासणी पुरते. तुझ्यात यातली दोन-तीन लक्षणं असतील तर वाट बघू नकोस.

इथेच त्या बायोटिनच्या, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्यांचं. बरं झालं सुरू केल्या नाहीस. अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला साधारण 35 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते रोजच्या जेवणातून मिळतं. बाजारातल्या केसांच्या गोळ्यांत 5,000, कधी 10,000 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या 140 पट किंवा त्याहूनही जास्त. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही. उलट इतकं बायोटिन रक्तात असलं की काही तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल सावधही केलं होतं. थायरॉइडच्या बाबतीत तर मोठीच फसगत होते, नसलेला आजार अहवालात दिसू शकतो. म्हणजे ज्या तपासणीने खरं कारण कळायचं, तीच ही गोळी बिघडवते. डबा बाजूला ठेव. आणि इतर कुठल्याही 'केसांच्या' गोळ्या घेण्याआधी त्यात अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम किती आहे ते डॉक्टरांना दाखव, कारण या दोन्हींचा अतिरेक झाला तर केस गळतात. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल कुणी सुचवलं तर तेही अंगावर पाजत असताना आपल्या मनाने नको. या गळतीला त्याची गरज नसते आणि बाळाचा गाल दिवसभर तुझ्या केसांना लागत असतो.

आता न्हाण्याबद्दल. चार दिवस न न्हाल्याने केस वाचत नाहीत, साठतात. समज, सध्या रोजचे 150 सुटत असतील आणि तू कंगवाही लावत नसशील, तर चौथ्या दिवशी 600 एकदम हातात येणार. तो गोळा बघून तू आणखी घाबरणार आणि पुढच्या वेळी पाच दिवस थांबणार. तुझी टाळू जशी तेलकट होते तसं एक-दोन दिवसांआड न्हा. शाम्पू सौम्य आणि साधा, टाळूला. कंडिशनर फक्त लांबीला, मुळांना लावलास तर विरळ केस आणखी चपटे बसतात. ओला केस कमजोर असतो, म्हणून गुंता आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने काढ. सुरुवात टोकाकडून, मग हळूहळू वर. वरून एकदम कंगवा ओढला की गळणारे केस जातातच, टिकणारेही तुटतात. तेल लावायला आवडत असेल तर लाव. केस मऊ राहतो, कमी तुटतो, आणि कुणी प्रेमाने डोक्यावरून हात फिरवला तर त्याचं सुख वेगळंच. मात्र तेलाने गळती थांबेल ही अपेक्षा ठेवू नकोस, आणि जोरजोरात चोळू नकोस.

घट्ट वेणी, टाळूवर ओढून बांधलेला अंबाडा किंवा पोनी सध्या नको. कपाळाच्या कडा आधीच उघड्या पडल्यात, त्यात रोज ताण बसला तर तिथली मुळं खरोखर दुखावतात. बाळ हिसकतं म्हणून केस बांधावेच लागतात, कळतं मला. मऊ कापडी बँडने मानेवर सैल बांध. ड्रायर लावलास तर कोमट हवेचा. केस सरळ करायची रासायनिक ट्रीटमेंट वर्षभर तरी नको, त्यातल्या काहींत फॉर्माल्डिहाइड हे घातक रसायन असतं आणि त्या वाफा बाळाच्याही नाकात जाणार.

सगळे केस काढून टाकायचा विचार मात्र सोड. केस दाट किंवा पातळ हे टाळूच्या आतल्या मुळावर ठरतं. वस्तरा फिरतो तो बाहेरच्या भागावर, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. निमुळतं टोक जाऊन कापलेलं बोथट टोक हाताला लागतं, म्हणून केस जाड आल्यासारखे वाटतात. खांद्यापर्यंत कापून घ्यावेसे वाटत असतील तर जरूर काप. आखूड केस भरलेले दिसतात, लवकर वाळतात, आणि बाळाच्या बोटाला वेढा घालायला लांब केसही उरत नाहीत. हा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा.

थोडक्यात हेही सांगते, की कुठल्या गोष्टी दिसल्या तर बाळंतपणाची गळती म्हणून सोडून द्यायचं नाही. नाण्यासारखा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई असू शकते. टाळूला खपल्या, खाज किंवा पू असेल, भुवयांचे केसही जात असतील, भांग महिन्यागणिक रुंद होत असेल, किंवा पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. बाळाचं वर्ष उलटून गेलं तरी गळती चालूच राहिली, तरीही. आणि पुढे कधी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊन बंद केल्यास, तर तीन महिन्यांनी अशीच छोटी लाट येऊ शकते, तेव्हा दचकू नकोस.

फोटोतून तू स्वतःला काढून टाकतेस ते वाक्य मी दोनदा वाचलं. केस हे दिखाव्याचं दुखणं आहे असं मला मुळीच वाटत नाही. पोट, झोप, छाती, दिवस, सगळं बदललंय, आणि जे एक सांभाळून राहिलं होतं असं वाटत होतं तेही हातातून निसटायला लागलं. रडू येणारच. नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही, पण तू सांगत होतीस दुःख आणि त्याने दिला निकाल, म्हणून राग आला. त्याला हे पत्र वाचायला दे. आणि कामं सांग. रोज रात्री अंथरूण, दुपटी आणि बाळाचे मोजे झटकून केस वेचायचं काम त्याचं. तुझं रात्रीचं ताट वाढून तुझ्यासमोर ठेवणं, तू जेवेपर्यंत बाळ घेणं, हेही त्याचं. रात्रीची एक पाळी त्याने घेतली आणि तुला सलग चार तास झोप मिळाली, तर मी त्याला लेखी धन्यवाद पाठवीन.

आणि एक अगदी मनापासून विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास आहे का? बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नाही, कशातच गोडी नाही, आपण आई म्हणून नालायक आहोत असं वाटतं, असं काही आहे का? असेल तर ते केसांमुळे आहे म्हणून थांबू नकोस, डॉक्टरांशी बोल. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजताना चालणारे उपचारही आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांग आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

राहिला तिचा वाढदिवस. ही गळती साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जोरात असते, म्हणजे तू आत्ता माथ्यावर उभी आहेस. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ती ओसरलेली कळू लागेल आणि बहुतेक जणींची वर्षाच्या आत थांबते. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. आत्ता येऊ लागलेले केस तिच्या वाढदिवसाला सात-आठ सेंटीमीटरचे असतील. तेव्हा भांग भरलेला असेल, कपाळाच्या कडा झाकलेल्या असतील, पण पोनीचं टोक अजून बारीकच राहील, कारण निम्मी फौज अजून कानापाशी पोचलेली असेल. त्यांना खांद्याला टेकायला आणखी दोनेक वर्षं लागतील. वाढदिवसाच्या सकाळी ते आखूड केस कपाळाभोवती उभेच राहतील, काही केल्या बसणार नाहीत. ओल्या हाताने हलकेच बसव, नाही बसले तर राहू दे, त्यांना ओढून क्लिपा लावू नकोस. आणि त्या दिवशी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दे.

तुझी,
ताई